बसल्या डोळ्याचं माप

चाळिसाव्याच्या जेवणाच्या देगी घासून परत गेल्या, पाहुणे दुपारच्या एसटीने आपापल्या गावी पांगले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सेवादास मिस्त्री ओळंबा घेऊन हजर झाला. हबीब सुतार जाऊन एक्केचाळीस दिवस झाले होते. त्याहून सोळा दिवस जास्त, मेडशीतल्या त्याच्या घराला समोरची भिंत नव्हती.

भिंत हबीबनेच उतरवली होती. बाप नूरमियाच्या हातची ती पांढऱ्या मातीची भिंत ओलीने फुगली होती, खालून घुशींनी पोखरली होती आणि गेल्या पावसाळ्यात पोट काढून रस्त्याकडे झुकली होती. दिवाळी होताच त्याने ती पाडून घेतली, नवा पाया भरला, विटा आणून टाकल्या, आणि सोळाव्या दिवशी पहाटे तो स्वतःच गेला. तेव्हापासून त्या जागी निळी ताडपत्री लोंबत होती.

नवरा गेलेल्या बाईने चार महिने दहा दिवस घराच्या आत राहायचं, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. इद्दतीचा हा नियम जमीला मनापासून पाळत होती. पण आत म्हणजे कुठे, हा प्रश्नच होता, कारण आत आणि बाहेर वेगळं करणारी भिंत मुळी उभी नव्हती. शेवटी मधल्या खोलीच्या दाराला जाड चादर बांधली गेली. जमीला त्या चादरीमागे जमिनीवर, खांबाला टेकून बसायची. बाहेर कोण बोलतं ते तिला ऐकू यायचं, दिसायचं काही नाही. या घरात उर्दू लागायची ती दुवा मागायला, नाही तर भांडण फारच वाढलं तर. एरवी सगळ्यांच्या तोंडी आसपासच्या गावांसारखी वऱ्हाडीच होती.

थोरला इमरान वाशीमहून आला तो पिकअप घेऊनच. मागे रजईत गुंडाळलेली स्लायडिंगची खिडकी होती, चार बाय चार, काळ्या काचेची, मच्छरजाळीसकट. वाशीमला त्याचं ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचं दुकान होतं. सुताराच्या घरात जन्मून करवत सोडली म्हणून बाप त्याच्याशी दोन वर्षं बोलला नव्हता. मग बोलायला लागला, पण खिडक्यांविषयी कधीच नाही. बापाच्या हयातीत इमरानची एकही खिडकी या घरात आली नव्हती. ही त्याने स्वतः कापली, स्वतः जोडली, कारागिराला हातसुद्धा लावू दिला नाही.

हबीबची खिडकीही तयार होती. ती अंगणातल्या शेडमध्ये पोत्याखाली उभी होती. सागाची चौकट आणि तिला झिलमिली, म्हणजे एकाखाली एक बसवलेल्या तिरप्या लाकडी पट्ट्या. अशा खिडक्या आता कोणी करत नाही. धूळ फार बसते आणि पुसता पुसता बाईचा जन्म जातो. इमरानने ठरवून टाकलं होतं की ती चांगल्या जागी ठेवून देऊ, आठवण म्हणून.

सेवादासने सकाळपासून भिंत पायापासून एक फूट वर आणली होती. तो आणि हबीब तीस वर्षं जोडीने काम करत आले होते. भिंत सेवादासची आणि खिडकी हबीबची, असं पंचक्रोशीत ठरलेलं होतं. दोरी ताणता ताणता त्याने विचारलं की खिडकी कितीवर घ्यायची.

"तीन फुटावर घ्या, मिस्त्री. सारं जग तीन फुटावर घेते," इमरान म्हणाला.

"तीन नाई." आवाज चादरीमागून आला. "खाली घ्या. त्याईनं खाली सांगतलं होतं."

सेवादासचा हात थांबला. हबीबभाऊ आपल्यालाही तसंच बोलले होते, असं त्याने सांगितलं. किती खाली ते विचारलं तर म्हणाले, पट्टीवर आहे.

ही हबीबची पद्धत होती. तो माप कागदावर लिहायचा नाही. प्रत्येक घराची एक सागाची पट्टी, तिच्यावर पटाशीने पाडलेल्या खाचा, आणि त्या खाचा त्याच्याशिवाय फार तर त्याच्या पोरांना वाचता यायच्या. सांगितलेल्या मापावर करवत चालवू नये, असं तो म्हणायचा. काम संपलं की पट्टी शेडच्या आढ्याला टांगली जायची. तिथे निम्म्या मालेगाव तालुक्याची घरं लटकत होती.

पण पट्टी शोधायच्या आधी भांडायला हवं होतं, आणि त्याची सुरुवात बिल्कीस फुफीने केली. ही हबीबची थोरली बहीण, धनजची, अकरा वर्षांपूर्वी विधवा झालेली. चाळिसाव्याला आली होती आणि थांबली होती. हातातली तसबीची माळ न थांबवता तिने विचारलं की रस्त्यावरच्या घराला खाली खिडकी घेऊन जमीलाला काय गावाला दाखवायला बसवायचं आहे? इद्दतीतल्या बाईच्या खिडकीत रस्त्यावरचं कुत्रंही डोकावेल. इमरानच्या बाजूने फुफी बोलली म्हणजे अर्धं भांडण जिंकल्यासारखं होतं, आणि तो लगेच म्हणाला की माझ्या काचेतून बाहेरच्याला काही दिसत नाही.

"दिवसा नाई दिसत," जमीला चादरीमागून म्हणाली. "सांजले लाइट लागला का मंग?"

सुताराच्या बायकोला हे सांगावं लागत नाही. ते खरं होतं, आणि खरं असल्यामुळेच इमरानला राग आला.

धाकटी आयत आईच्या बाजूने उभी राहिली. ती अकोल्याला एका खासगी दवाखान्यात नर्स होती. पंधरा दिवसांची रजा काढून आली होती आणि त्यातले बारा संपले होते. अब्बांनी खाली सांगितलं तर खाली, त्यात विचारायचं काय, असं तिचं म्हणणं होतं.

"अब्बाले शेवटी शेवटी काई समजे तरी का?" इमरान म्हणाला. "पोटात घास ठरत नव्हता आन् भिंत पाडून राह्यले. मी नागपूरले नंबर लावून ठेवला होता. पाच वेळा सांगतलं. तं म्हने, भिंत झाल्यावर पाहू."

 इमरान गेले एक्केचाळीस दिवस हेच वाक्य मनात घेऊन फिरत होता हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाप भिंतीपायी गेला. वेळेवर नागपूरला नेला असता तर वाचला असता. आणि आपण त्याला उचलून गाडीत घातलं नाही.

जमीलाने आयतला पट्टी आणायला सांगितलं.

आयत शेडकडे गेली तेवढा वेळ जमीला चादरीच्या फुलांकडे बघत बसली. ती पट्टी तिच्या चांगली ओळखीची होती.

पोळ्याच्या आठवड्यात ती आणि हबीब अकोल्याला गेले होते. पोरांना सांगितलं होतं की एका गिऱ्हाइकाच्या खिडकीचे कब्जे, म्हणजे बिजागऱ्या, आणायला जातो. कब्जे आणलेही. पण त्याआधी दोघं एका डॉक्टरकडे तीन तास बसली होती. डॉक्टर तरुण होता, भला होता. त्याने फोटो उजेडासमोर धरून सांगितलं की पोटातलं सगळीकडे पसरलं आहे, आता चिरून उपयोग नाही, नागपूर-मुंबई करून हालच होतील. चार महिने म्हणा. हबीबने त्याला विचारलं की पूर्ण चार का, जसा लाकडाच्या वखारीत विचारायचा.

परतीच्या एसटीत त्याने पातूरचा घाट लागू दिला. मग म्हणाला, "पोरायले सांगू नको. थे मले घेऊन फिरतीन. या दवाखान्यातून त्या दवाखान्यात. मले फिराचं नाई, जमीला. मले घरी राह्याचं हाय." तिने हो म्हटलं. हो म्हणताना तिला वाटलं होतं की हे ओझं चार महिन्यांचं आहे.

चार दिवसांनी तो हातात पट्टी घेऊन आला. ती याच खांबाला टेकून शेंगा सोलत बसली होती. त्याने तिला म्हटलं, हलू नको, रोज बसतं तशी बस. पट्टी जमिनीवर उभी धरली आणि तिच्या डोळ्याशी पटाशीची खूण केली. "बरोबर अडीच फूट," तो म्हणाला. तिने विचारलं, कायले? तो म्हणाला, खिडकी करून राह्यलो. नूरमियाच्या भिंतीला खिडकीच नव्हती. गावभर खिडक्या लावणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घराला समोरून एवढंसं भोक नव्हतं, आणि त्यावर लोक हसायचे. जमीलाही हसली, म्हणाली की एवढ्या वर्षांनी आठवण झाली का. आणि हसता हसता तिला कळलं. जमिनीवर बसलेल्या बाईच्या डोळ्याचं माप घेऊन कोणी खिडकी करत नाही. ज्या बाईला चार महिने दहा दिवस त्याच जागी बसायचं आहे, तिच्याचसाठी करतात.

ती उठून आत गेली आणि चूल पेटलेली असताना पुन्हा पेटवत बसली. तो तिच्यामागे आला नाही. त्याविषयी दोघं पुन्हा कधी बोलली नाहीत.

आता खिडकी खाली का, हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं. आपल्याला पोळ्यापासून माहीत होतं. आपण नागपूरचा नंबर वाया जाऊ दिला. अंगणात उभा असलेला हा मोठा, रागीट पोरगा आपल्या तोंडासमोर उभं राहून विचारेल, अम्मी, तू मला का नाही सांगितलंस? आणि न सांगावं तर खिडकी तीन फुटांवर चढेल आणि हबीबने शेवटच्या ताकदीने केलेलं एकमेव काम भिंतीवर आंधळं होऊन बसेल. यातलं एक काहीतरी आज जाणार होतं.

आयतला पट्टी सापडली नाही. आढ्यावर तिने सगळ्या पट्ट्या पाहिल्या. मालेगाव, शिरपूर, मेडशीतलीच आठ-दहा घरं, पण या घराची नव्हती. मग तिला आठवलं की काम चालू असेपर्यंत पट्टी टांगत नाहीत, भिंतीला टेकवून ठेवतात. भिंतीशी लाकडाच्या तुकड्यांचा ढीग असायचा. काल चाळिसाव्याला भटारी ओरडत होता की देगेखाली लाकूड कमी पडतंय. तिने स्वतः वाकून दोन कवळे भरून दिले होते.

सुताराची पोर. लहानपणी पट्टीला हात लावला म्हणून बापाने एकदाच तिच्या पाठीत धपाटा घातला होता. ती ढिगाच्या उरलेल्या भुशात उगाच हात घालून बघत राहिली. मग अंगणात आली आणि तिने सांगून टाकलं.

"देगेखाली जळाली. माह्या हातानं देल्ली मी."

बिल्कीसने डोळे मिटून तसबीचा मणी पुढे सरकवला. इमरान आयतवर रागावला नाही, उलट त्याचा आवाज जरा मऊच झाला. जाऊ दे म्हणाला, पट्टी नाही तर विषय संपला. मिस्त्री, तीन फूट धरा. सेवादासने वीट उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

चादरीमागून जमीलाने त्याला हाक मारली. सेवादासभाऊ, म्हणाली, चहा पिऊन येता का जरा स्टँडवरून. तीस वर्षं दुसऱ्यांच्या घरात काम केलेल्या माणसाला केव्हा उठायचं ते कळतं. तो हात धुऊन निघाला आणि जाताना ताडपत्री नीट खाली ओढून गेला. मग जमीलाने चादर बाजूला केली. पोरांनी तिला ताडपत्रीच्या निळ्या उजेडात पाहिलं. तिने इमरानला समोर बसायला सांगितलं. तो बसला नाही.

"तुहे अब्बा येडे झाले नव्हते," ती म्हणाली. "त्याईले सारं माईत होतं. मलेबी माईत होतं. पोळ्यापासून."

तिने सांगितलं. अकोला, डॉक्टर, उजेडात धरलेला फोटो, एसटी. फार वेळ लागला नाही, कारण ती काही लपवत नव्हती आणि काही सजवतही नव्हती. डोळ्याच्या मापाची गोष्ट तिने शेवटी सांगितली. तीच सांगायला तिला सगळ्यात जड गेलं.

 इमरानने विचारलं, म्हणजे मी नागपूरला पहाटेपासून रांगेत उभा होतो तेव्हा तुम्हाला माहीत होतं? जमीला हो म्हणाली. मी रोज फोन करून गोळ्या घेतल्या का विचारायचो तेव्हा? तेव्हाही, ती म्हणाली.

"एकेचाईस दिवस झाले, अम्मी. एकेचाईस दिवसांपासून मी स्वतःले खाऊन राह्यलो. तुले दिसत नव्हतं?"

"दिसत होतं," जमीला म्हणाली. "म्या त्याईले जबान देल्ली होती."

तो ताडपत्री वर करून रस्त्यावर निघून गेला. पिकअपचा आवाज आला नाही, म्हणजे लांब गेला नव्हता.

जमीलाने आयतकडे पाहिलं. एवढा वेळ आयत आईच्या बाजूला होती, अगदी आताही तिच्या खांद्याशी उभी होती. ती आता दोन पावलं मागे सरली. दवाखान्यात ती रोज अशी माणसं पाहायची. कोणाला सांगायचं, कधी सांगायचं, नातेवाइकांना कसं बसवायचं हे तिचं रोजचं काम होतं. दुसऱ्यांच्या बापांच्या उशाशी ती रात्री बसली होती. आणि तिचा बाप तिच्या गावात येऊन गेला होता.

"अकोल्यात आल्ते तुमी," ती म्हणाली. "माह्या अकोल्यात."

"तुह्या दवाखान्यासमोरून ऑटो गेला आमचा. म्या म्हनलं, थांबू का. ते म्हने, नको. तिचं तोंड पाह्यलं तं मी सांगून टाकीन."

आयत खाली बसली आणि रडली. आईच्या जवळ नाही, सेवादासच्या विटांवर बसून. जमीला उठून तिच्याकडे जायला निघाली तेव्हा आयतने हात पुढे करून तिला थांबवलं. जमीला थांबली. आपण एक वचन पाळलं आणि दोन पोरं हातची घालवली, असं तिला त्या वेळी स्पष्ट वाटलं.

बिल्कीस फुफीची तसबी केव्हाची थांबली होती. ती कोणाकडे पाहत नव्हती. तिच्या डोळ्यासमोर धनजची मागची खोली आली होती. खोलीला खिडकी नव्हती. उजेड यायचा तो दारातून, आणि दारालाही पडदा होता. खोलीत धान्याची एक कणगी होती, शेणामातीने लिंपलेली. चार महिने दहा दिवस बिल्कीसने ती कणगी पाहिली. लिंपणाला कुठे भेग आहे, कुठे कोणाच्या तरी बोटाचा ठसा उठला आहे, सगळं तिला पाठ झालं होतं. सासरच्यांनी वाईट वागवलं नाही. वेळेवर जेवण यायचं. फक्त कोणाच्या डोक्यात आलं नाही की बाईला डोळे असतात.

भाऊ दर जुम्म्याला एसटीने यायचा. एकदा त्याने दाराशी बसून इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं होतं.

"काय पाह्यतं वो आपा दिवसभर?" बिल्कीस आता मोठ्याने म्हणाली, हबीबच्याच सुरात. आयतने मान वर केली. "मी म्हनलं, कनगी. दुसरं काय हाय अथी पाह्याले. तं तो उठला. भिंतीवर हात फिरवून पाह्यला त्यानं. असा. मले वाटलं, सुताराची सवय."

तिने तसबी कमरेला खोचली, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि ताडपत्रीबाहेर गेली. इमरान नव्या वाळूच्या ढिगाशी उभा होता. फुफी त्याला काय बोलली ते आत कोणाला ऐकू आलं नाही. ती फार वेळ बोलली नाही. परत आली तेव्हा इमरान तिच्यामागे होता आणि त्याचे डोळे लाल होते.

"तू बेपर्दगी म्हनत होती ना फुफी," आयत म्हणाली, थोडी कडवट.

"तवा मले माईत नव्हतं का हे माहं माप हाय," फुफी म्हणाली.

इमरानने शेडमधून बापाची खिडकी आणली. पोतं काढून तो तिच्याकडे पहिल्यांदाच कारागिराच्या नजरेने पाहू लागला. पट्ट्यांचा उतार बाहेरच्या बाजूला होता, पाऊस आत येऊ नये म्हणून असतो तसाच, पण नेहमीपेक्षा जरा जास्त. उभ्या माणसाने बाहेरून पाहिलं तर त्याला लाकूडच दिसेल. आत जमिनीवर बसलेल्या माणसाला मात्र फटींतून खालचा रस्ता दिसेल, येणाऱ्या-जाणाऱ्यांची पावलं दिसतील. फक्त डोळा बरोबर जागी यायला हवा. चौकट वर चढवली की ती आंधळी. बोटभराचासुद्धा फरक पडला असता. असं काम आपल्या दुकानात कोणी करू शकणार नाही, आपणही नाही, हे त्याला कळलं. ते सांगायला आता समोर कोणी नव्हतं.

सेवादास चहा पिऊन परत आला होता आणि ताडपत्रीबाहेरूनच विचारत होता की काय ठरलं. जमीला पुन्हा चादरीमागे गेली. तिने आतून सांगितलं की डोळ्याचं माप अडीच फूट आहे, तिच्या पक्कं लक्षात आहे. सेवादासने हिशेब केला. मग तळ सव्वा फुटावर येतो, म्हणाला, अजून एक थर आणि चौकट.

"थांबा," इमरान म्हणाला. "सांगतलेल्या मापावर करवत चालवू नये."

तो टेप घेऊन चादरीच्या आत गेला. जमीला खांबाला टेकून बसली होती. त्याने तिला म्हटलं, हलू नको अम्मी, रोज बसतं तशी बस. हे शब्द तिने आधी ऐकले होते. तिने डोळे उघडे ठेवले आणि समोर पाहत राहिली. इमरान गुडघ्यावर बसला, टेपचं टोक जमिनीला लावलं आणि फीत तिच्या गालाजवळून वर नेली. बाप गेल्यापासून तो आईच्या इतक्या जवळ आला नव्हता. तिची कानशिलं बसली होती. मान खांद्यात रुतली होती. त्याने टेपवरचा आकडा वाचला, आणि टेप सरळ आहे ना ते पाहून पुन्हा वाचला.

अडीच नव्हतं. दोन बोटं कमी होतं.

बापाचं माप चुकत नव्हतं, हे इमरानला ठाऊक होतं. माप बरोबर होतं. माणूस खचलं होतं, एक्केचाळीस दिवसांत दोन बोटं. आपण वाशीमहून रोज फोन करत होतो, चहा घेतला का, जेवली का विचारत होतो, आणि ती इथे तेवढी तेवढी खाली जात होती.

"अडीचच हाय ना?" जमीलाने विचारलं.

इमरानने टेप गुंडाळला. "हाव," तो म्हणाला. "बरोबर अडीच."

बाहेर येऊन त्याने सेवादासला हळू आवाजात सांगितलं की तळ दोन बोटं खाली घ्या. सेवादासने त्याच्याकडे पाहिलं आणि पुऱ्या थराऐवजी पातळ थर धरला. चौकट बसवायला दुपार झाली. आयत आणि फुफीने ती धरली, इमरानने ओळंबा लावला, सेवादासने पाचर ठोकली. आयतने स्वतःच्या ओढणीने पट्ट्यांवरचा भुसा पुसला. आईशी ती अजून बोलली नव्हती, पण तिची चटई उचलून तिने खिडकीशी आणून घातली. सेवादास हात धुवायला मागे गेला तेव्हा बिल्कीसने जमीलाला तिथे आणून बसवलं.

काळ्या काचेची खिडकी अजून पिकअपमध्येच होती. जमीलाने बसता बसता इमरानला सांगितलं की ती परत नेऊ नको. मागं सैपाकखोलीले लाव, म्हणाली, तिथं उभ्यानंच काम असते. इद्दत झाली का तिथूनच पाहीन. इमरानने मान हलवली आणि तो रस्त्यावर गेला. आतलं काही दिसतं का ते बाहेरून पाहायला हवं होतं.

तो झिलमिलीसमोर उभा राहिला. काहीच दिसत नव्हतं, नुसतं सागाचं लाकूड. पलीकडे आई होती, हातभर अंतरावर.

"दिसून राह्यलं का काई, अम्मी?"

"दिसून राह्यलं," आतून आवाज आला. "रस्ता दिसून राह्यला. पाह्य, त्याईचं माप कधी चुकलं का?"

"नाई चुकलं."

"तुहे पाय दिसून राह्यले."

"आन् तोंड?"

"तोंड नाई दिसत."

"मंग बरं हाय," इमरान म्हणाला. तो तिथून बराच वेळ हलला नाही, आणि जमीला त्याच्या पायांकडे पाहत बसली.